वन्संच्या विद्यार्थिनी: दापोली ते देवगड

आमच्या वन्सं, म्हणजे माझी मोठी नणंद, जन्मभर एएनएमच्या, म्हणजे सहायक परिचारिकेच्या कोर्सच्या, मुलींना शिकवत आल्या. इंजेक्शन कुठे द्यायचं, नाळ कशी बांधायची आणि सगळ्यात जास्त म्हणजे रजिस्टर कसं भरायचं. त्यांच्या हाताखालून गेलेल्या मुली आता कोकणपट्टीभर पसरल्यात. कुणी उपकेंद्रात आहे, कुणी ग्रामीण रुग्णालयात, एकीला बढती मिळून ती एलएचव्ही, म्हणजे इतर सिस्टरांवर देखरेख करणारी, झाली. वन्संचे गुडघे एसटीला तयार नाहीत आणि मला गाडी चालवता येते, एवढ्या भांडवलावर सहल ठरली. त्यांना विद्यार्थिनी भेटायच्या होत्या, मला मासे खायचे होते.

रविवार, हर्णे

ताम्हिणी उतरून, मंडणगडवरून दापोली गाठेपर्यंत दुपार कलली. हर्ण्याला पोचलो तर लिलाव रंगात आलेला. समोर सुवर्णदुर्ग, वाळूत बर्फाचा चुरा, पापलेटचे ढीग, आणि बोली लावणाऱ्या बायकांचा आवाज तर लाटांच्याही वर. मी सुरमईचा भाव विचारत होते. वन्सं मात्र पाटी उचलणाऱ्या एका मुलीकडे बघत होत्या. मला म्हणाल्या, "ही ओली बाळंतीण आहे."

मी हसण्यावारी नेलं. तासाभराने आशाताई, म्हणजे गावची आरोग्य स्वयंसेविका, भेटल्या तेव्हा कळलं, खरंच होती. आदल्या दिवशीच तिच्याकडे एकविसाव्या दिवसाची गृहभेट झाली होती. घरात बसून कसं भागणार? १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, म्हणजे कमवायचं ते उरलेल्या महिन्यांत. सासू मधे दोनदा बाळ घेऊन बंदरावर येते, ती जाळ्यांच्या ढिगाआड बसून पाजते आणि परत लिलावात उभी राहते. पहिलटकरणीला मातृवंदना योजनेचे ५००० रुपये दोन हप्त्यांत मिळतात, ३००० आणि २०००. बुडालेल्या मजुरीची थोडी भरपाई व्हावी हाच हेतू. पण आधारवर माहेरचं नाव आणि पासबुकावर सासरचं, अशा गोंधळात पैसे अडकतात, आणि तो गोंधळ निस्तरणं हेसुद्धा आशाताईंच्याच गळ्यात.

संध्याकाळी त्यांच्याबरोबर कोळीवाड्यातल्या एका घरी गेलो. सात दिवसांचं बाळ. आशाताईंनी आधी हात साबणाने धुतले, पुसले नाहीत, हवेत वाळवले. बाळाचं दुपटं पोटापर्यंत खाली केलं, पिशवीतलं घड्याळ हातात धरलं आणि श्वास मोजायला लागल्या. नवजात बाळाचा श्वास पोटावर दिसतो. पोट भराभर वरखाली होतं, मधेच थांबतं, आपल्या काळजाचा ठोका चुकतो, की पुन्हा सुरू. म्हणून अर्धं मिनिट मोजून दुप्पट करायचं नाही, पूर्ण मिनिट मोजायचं. ६० किंवा त्याहून जास्त भरले तर पुन्हा मोजायचे, आणि तेव्हाही तेवढेच आले तर दवाखाना. घरात टीव्ही चालू होता, तो आजोबांनी आपणहून बंद केला. मी पाहिलं तर वन्संचे ओठही हलत होते.

"अठ्ठेचाळीस," आशाताई म्हणाल्या.

"अठ्ठेचाळीस," वन्संनी शिक्का मारला.

मग झोळीत घालून वजन, काखेत थर्मामीटर, आणि आईला प्रश्न: पाजताना दुखतं का, ताप, रक्तस्राव. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाकडे अशा सहा भेटी ठरलेल्या आहेत: तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा दिवस. घरी जन्मलं असेल तर पहिल्या दिवसाची एक जास्त. हे सगळं मुळात गडचिरोलीचं. डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी शिकवली आणि तिथले नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी उतरले. तो अभ्यास १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आला, आणि २०११ पासून ही पद्धत देशभरातल्या आशांच्या कामात आली. हे वन्संनी मला गाडीत सांगितलं. आशाताईंनी जे सांगितलं ते वेगळं: या सगळ्या फेऱ्या पूर्ण झाल्या की मिळतात २५० रुपये. हे त्यांनी तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही. मला मात्र त्या दिवशी सुरमईचा भाव आठवून लाज वाटली.

सोमवार, दाभोळ आणि गुहागर

सकाळीच दाभोळला आलो. गाड्यांसकट खाडी ओलांडून नेणारी फेरीबोट, तिला इथे सगळे जंगलजेटी म्हणतात. वासिष्ठीच्या खाडीत मधोमध आलं की दक्षिणेला वीजप्रकल्पाच्या चिमण्या दिसतात. 'दाभोळ' म्हणून जगभर गाजलेला तो प्रकल्प दाभोळला नाही, समोरच्या काठावर अंजनवेलला आहे. जेटी नसती तर धोपाव्याला जायला खेड-चिपळूणचा भलामोठा वळसा. गाडीशेजारी एक सात महिन्यांची पोटुशी आईबरोबर उभी होती, हातात फुलांची वेणी आणि पेढ्यांचा पुडा. डोहाळजेवणाला माहेरी चालली असणार. वन्संना राहवलं नाही. त्यांनी जाऊन विचारलंच, "तपासणीचं कार्ड घेतलंस का गं बरोबर?" तिने पिशवी उघडून दाखवलं. वन्सं इतक्या खूश झाल्या की त्यांनी तिला स्वतःच्या डब्यातला लाडू दिला.

त्या दिवशी ९ तारीख होती. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची डॉक्टरकडून मोफत तपासणी असते, पंतप्रधान सुरक्षित मातृत्व अभियान, २०१६ पासून. गुहागर तालुक्यातल्या एका केंद्रावर वन्संची विद्यार्थिनी सिस्टर आहे. आम्ही गेलो तेव्हा व्हरांडा भरलेला. बाकावर बायका, बाकाखाली चपला, आणि खिडकीशी टेबल टाकून सिस्टर. मॅडम दिसल्याबरोबर ती ताडकन उभी राहिली, शाळेत राहावं तशी. वन्सं म्हणाल्या, "बस बस, काम कर." आणि स्वतः तिच्या शेजारी बसून रजिस्टर तपासायला लागल्या. निवृत्तीची त्यांना अजून सवय झालेली नाही.

वजन, बीपी, एचबी म्हणजे हिमोग्लोबिन, लघवीत प्रोटीन, पोट तपासणं, बाळाचे ठोके. एचबी ११ च्या खाली गेलं की ॲनिमिया, ७ च्या खाली गेलं की धावपळ. काही जोखीम दिसली की कार्डावर लाल स्टिकर, नाहीतर हिरवा. लाल स्टिकर मिळालेल्या बाईचा चेहरा उतरतो, म्हणून सिस्टर तो लावताना सांगते, "याचा अर्थ तुझ्याकडे माझं जास्त लक्ष." लोहाच्या लाल गोळ्या गरोदरपणात रोज एक, १८० दिवस, आणि बाळंतपणानंतर पुन्हा तेवढ्याच. गोळ्या सगळ्या नेतात, खातात किती हा प्रश्न. कुणाला मळमळतं, कुणाला शौचाला काळं होतं म्हणून भीती वाटते, कुणी चहाबरोबर घेते आणि चहा ते लोह अंगी लागू देत नाही. कॅल्शियमची गोळीही वेगळ्या वेळी. सिस्टर "गोळ्या घेतेस ना?" असं विचारतच नाही. ती विचारते, "पाकीट कुठे ठेवलंयस?" फळीवर, देवाजवळ, फ्रिजवर असं पटकन उत्तर आलं तर बाई गोळ्या घेते. "असेल कुठेतरी" आलं की सिस्टर पेन खाली ठेवते.

दुपारी गर्दी ओसरल्यावर तिने आपली हायरिस्कची, म्हणजे जोखमीच्या गरोदर बायकांची, वही दाखवली. छापील नव्हे, स्वतःची. नाव, वाडी, तारीख आणि शेवटी दोन रकाने: 'दिवसा' आणि 'रात्री'. मला कळेना. तिने समजावलं. तवसाळकडच्या वाडीतली बाई दिवसा अडली तर जेटीने जयगडला उतरून रत्नागिरी जवळ. रात्री जेटी बंद, मग चिपळूणच गाठायचं. एकाच घराला दोन दवाखाने, घड्याळ बघून ठरवायचे. कुणाच्या घरापर्यंत १०८ ची रुग्णवाहिका येते, कुणाला डोलीने सड्यावर आणावं लागतं, कोणता रिक्षावाला रात्री फोन उचलतो, हेही त्याच रकान्यांत. एका नावापुढे लिहिलं होतं, 'आत्या शृंगारतळी, आठ दिवस आधी'. गडचिरोलीसारख्या आदिवासी भागांत दिवस भरत आलेल्या बाईला दवाखान्याशेजारी राहायला सरकारी माहेरघरं आहेत. इथे ते काम कुणाची तरी आत्या करते.

१९९४ साली सेरीन थॅडियस आणि डेबोरा मेन या दोघींनी आई का दगावते याची मांडणी तीन विलंबांत केली: घरात निर्णय व्हायला उशीर, दवाखान्यात पोचायला उशीर, पोचल्यावर उपचार मिळायला उशीर. वन्सं तीस वर्षांच्या जुन्या सवयीने ते बोटांवर मोजून दाखवायला लागल्या, तर सिस्टर म्हणाली, "मॅडम, आमच्याकडे पहिला उशीर मुंबईत होतो." म्हणजे? नवरा लालबागला नाहीतर नालासोपाऱ्याला, सासरे गावात, आणि 'सिझेरियनला न्यायचं का' हे फोनवर ठरणार. फोनला रेंज नाही. म्हणून ती आठव्या महिन्यातच नवऱ्याला फोन लावते आणि त्याचा होकार आधी घेऊन ठेवते. बीपी भयंकर चढलं आणि झटक्यांची भीती असली तर मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस देऊनच पुढे पाठवायचं, हे तिला पाठ आहे. नवऱ्याला आधी फोन लावायचा, हे कुठल्या पुस्तकात नाही.

महाराष्ट्रात २०१८ ते २०२० या काळात एक लाख जिवंत जन्मांमागे ३३ माता दगावल्या, देशात तेव्हा तो आकडा ९७ होता. वन्सं म्हणाल्या, त्यांनी नोकरी धरली तेव्हा असं काही होईल असं कुणी सांगितलं असतं तर त्यांनी त्याला चहा पाजून घरी पाठवलं असतं.

रात्री गुहागरात मुक्काम. मासे मिळाले नाहीत, सोमवार.

मंगळवार, तवसाळ ते रत्नागिरी

तवसाळ-जयगडची जेटी छोटीशी, शास्त्रीची खाडी मात्र ऐसपैस. गणपतीपुळ्याला बाहेरूनच नमस्कार केला, कारण वन्संना रत्नागिरीला ड्युटी बदलायच्या आधी पोचायचं होतं. त्यांची एक विद्यार्थिनी पुढे जीएनएम हा नर्सिंगचा मोठा कोर्स करून सरकारी एसएनसीयूत स्टाफ नर्स झाली आहे. एसएनसीयू म्हणजे आजारी आणि कमी वजनाच्या नवजात बाळांचा विभाग. मला आत सोडलं नाही, आणि तेच बरोबर होतं. वन्संनाही सोडलं नाही, हे मात्र त्यांना जरा लागलं.

शेजारच्या कांगारू कक्षाच्या दारात उभं राहू दिलं. चार खुर्च्या, पाठीमागे रेललेल्या. एका आईच्या छातीशी, कातडीला कातडी लागेल असं, टोपी-मोजे घातलेलं एक इवलंसं बाळ, वरून कापडी पट्टा. वजन १४०० ग्रॅम. ही रीत १९७८ च्या सुमारास कोलंबियात बोगोटाच्या दवाखान्यात सुरू झाली, बाळांना ऊब देणाऱ्या पेट्या पुरत नव्हत्या म्हणून. पुढे कळलं की हा काही गरिबांचा नाइलाज नाही. २०२१ साली भारतासह पाच देशांतल्या अभ्यासात, पावणेदोन किलोच्या आसपास आणि त्याहून हलक्या बाळांना जन्मल्यापासूनच आईच्या छातीशी ठेवलं तेव्हा मृत्यू पाव हिश्शाने कमी झाले.

ती आई कांदिवलीची. नाव मुंबईत नोंदवलेलं, सगळ्या तपासण्या तिथल्या, माहेर संगमेश्वरला. ओटीभरणाला आली आणि दिवस भरायच्या आतच बाळ झालं. कार्ड? मुंबईत, कपाटात. नवऱ्याने कार्डाचे फोटो व्हॉट्सॲपवर पाठवले, पण नेमका एचबीच्या आकड्यावर त्याचा अंगठा. नर्स हसत सांगत होती. अशा अंगठ्यांचा तिच्याकडे संग्रहच असावा. दूध वाटीत काढून चमच्याने पाजतात. मुंबईत शीवच्या रुग्णालयात १९८९ साली डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी आशियातली पहिली मातृदुग्धपेढी उभी केली. त्या नर्सच्या मते आता प्रत्येक जिल्ह्याला तशी सोय हवी. मला तिचं पटलं.

"बाबा पण बसतात का असे?" मी विचारलं.

"बसतात. पहिल्या दिवशी लाजतात. मग मोबाइल सोडून तासभर बसायला मिळतं म्हणून उलट रांग लावतात."

बुधवार, आंब्याच्या बागा

सगळ्या प्रवासातला मला सगळ्यात आवडलेला दिवस. रत्नागिरीहून पावसच्या अंगाला कलमांच्या बागाच बागा, मोहोर फुललेला, आणि प्रत्येक बागेत एक झोपडं. त्यात राखणदार. कोकणातल्या हापूसची राखण आज बरीचशी नेपाळी माणसं करतात. पावसाळा सरला की बायकापोरांसकट येतात, आंबा उतरला की जातात. यांची पोरं कुठल्याच गावच्या यादीत नसतात. इथल्या उपकेंद्राची सिस्टर, पुन्हा आमच्या मॅडमचीच, बागायतदारांना फोन करून कुठल्या बागेत किती पोरं आली याची वेगळी ड्यू लिस्ट, म्हणजे लस द्यायच्या पोरांची यादी, करते.

निघण्याआधी लसीचा डबा भरताना मी मुद्दाम जवळ उभी राहिले. फ्रीजरमधून काढलेले बर्फाचे पॅक तिने टेबलावर मांडले आणि थांबली. तशीच थांबून राहिली. मला वाटलं, उशीर होतोय. मग तिने एक पॅक उचलून कानाशी नेला आणि हलवला. आवाज नाही. पुन्हा ठेवला. थोड्या वेळाने पुन्हा कानाशी. आता आत पाणी डुचमळल्याचा बारीक आवाज आला, तेव्हा चारही पॅक पुसून डब्यात लावले. दगडासारखा गोठलेला पॅक तसाच लावला तर त्याला टेकलेली पेंटाची, म्हणजे पाच रोगांवरच्या एकत्र लसीची, कुपी गोठते आणि गोठलेली पेंटा वाया गेली. लसीला उन्हाने धोका हे सगळ्यांना कळतं, थंडीनेही धोका हे कळायला शिकावं लागतं. २ ते ८ अंशांच्या मधे सगळा खेळ.

पहिल्याच बागेत कार्डाची गंमत. नेपाळची कार्डं देवनागरीत, आकडेही आपलेच, त्यामुळे वाचायला अडचण नाही. पण जन्मसाल २०८२! तिकडे विक्रम संवत चालतो. सिस्टरने मोबाइलवर तारीख बदलून घेतली, आठवडे मोजले. पेंटाचं वेळापत्रक दोन्हीकडे एकच, ६, १०, १४ आठवडे, त्यामुळे पुढचा डोस सरळ ठरला. आई विशीतली, मराठी येत नव्हती. सिस्टरने "खोप, खोप" म्हणत मांडीकडे बोट दाखवलं आणि ती हसली. पेंटा डाव्या मांडीत, तोंडातून पोलिओ आणि रोटाचे डोस. रडून झाल्यावर अर्धा तास तिथेच बसायचं, काही त्रास होत नाही ना बघायला. त्या अर्ध्या तासात चहा आला. इतका गोड पावडरीचा चहा मी कधी प्यायले नव्हते. तोवर सिस्टर मोठ्या भावाच्या दंडावर कुपोषण तपासायची रंगीत टेप लावत होती. टेप पिवळ्यावर आली, ११.५ ते १२.५ सेंटिमीटरच्या मधे. लाल आली असती तर लगेच दवाखान्यात न्यावं लागलं असतं. पिवळ्याला अंगणवाडीचा आहार आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा मोजणं.

"पण अंगणवाडी या पोरांना घेते?" वन्संनी परीक्षकाच्या आवाजात विचारलं.

"बाई चांगल्या आहेत. घेतात." मग जरा थांबून, "प्रत्येक ठिकाणी अशा नसतात."

सगळं यू-विन या लसनोंदीच्या सरकारी यंत्रणेवर चढवलं, करोनातल्या को-विनचं धाकटं भावंड. मूल उद्या देशात कुठेही गेलं तरी डोस दिसावेत ही कल्पना छान आहे. बागेत रेंज नव्हती, म्हणून आधी वहीत आणि रात्री घरी जाऊन मोबाइलवर.

गुरुवार, रस्ता

पूर्णगडचा पूल, कशेळी, आडिवरे, नाटे, जैतापूर, मग विजयदुर्गाच्या बाजूने देवगड. दिवसभर वळणं. आडिवऱ्याला महाकालीचं दर्शन घेतलं आणि शेवटी एकदाचे मासे खाल्ले. वन्सं मागच्या सीटवर झोपल्या होत्या.

शुक्रवार, देवगड

इथली सिस्टर मूळची सांगलीकडची, पण मालवणी अशी बोलते की ऐकणाऱ्याला तिचं गाव दाभोळे किंवा जामसंडेच वाटावं. तिच्याबरोबर एका बाळंतिणीच्या घरी गेलो. बाळ दीड महिन्याचं, लसीला सहाव्या आठवड्याचं. घरात शेकशेगडी, हळिवाची खीर, चुलीवर मोरी माशाचं कालवण. दूध वाढतं म्हणून कोकणात बाळंतिणीला मोरी घालतात. वन्सं म्हणाल्या, घालू दे, पोटभर जेवतेय हेच खूप. खीरही चालेल. पण दाराशी सहाण दिसली, ओली, वेखंड-मुरडशेंगेचा वास येणारी, आणि दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.

"माज्या चार पोरांका गुटी दिलंय मी," आजी आधीच सुरू झाल्या. "एकाक तरी काय झाला?"

"काय नाय झाला काकी, देवाची किरपा. पन ह्या पोरग्याक सा म्हयने नुसता आंगावरचा दूध. पानी पन नको, मगे गुटी खंयची?"

वाद बराच रंगला. सिस्टर न्हाणं, तेल, मालिश या सगळ्याला मान डोलावत होती, एका गुटीवर मात्र अडून. शेवटी म्हणाली, सहाण माझ्याकडे ठेवायला द्या, सहा महिने झाले की बाळाच्या उष्ट्यावणाला मीच घेऊन येते, पहिलं नाचणीचं सत्त्व मीच भरवते. आजी पदराने तोंड पुसत हसल्या आणि सहाण दिली! उपकेंद्रावर परत आल्यावर कपाट उघडलं, तर खालच्या कप्प्यात आणखी सहाणी, प्रत्येकीवर चिकटपट्टी, नाव आणि तारीख. वन्संनी जागेवर उभ्या उभ्या सगळ्या तारखा तपासल्या. एक मुदत उलटलेली निघाली.

जेवताना शिमग्याचा विषय निघाला. चाकरमानी येणार, म्हणजे मुंबईची पोरंही येणार, ज्यांचा नऊ महिन्यांचा एमआरचा, म्हणजे गोवर-रुबेलाचा, डोस 'गावाला जाऊन आलो की घेऊ' म्हणून राहिलेला असतो. आशाताईंनी वाडीवाडीतून नावं गोळा केली होती, सिस्टर लसीची मागणी लिहीत होती.

"एमआरची कुपी विरघळवली की चार तासांत संपवायची," वन्सं म्हणाल्या. "एकेक पोर आलं तर किती वाया जाईल. सगळ्यांना एकाच दिवशी बोलाव."

"बोलावलंय मॅडम. पालखी वाडीत येते त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी. त्या दिवशी कोण खंय जात नाय, सगळे झोपलेले असतात."

वन्संनी मागणीचा कागद हातात घेतला, वरून खाली वाचला, एका ठिकाणी पेनाने शून्य नीट गोल केलं आणि परत दिला. तीन वाजता आम्ही फोंडाघाटाच्या रस्त्याला लागलो.